नाव चोरीला जाते तेव्हा

गेल्या रमजानचा शेवटचा अशरा चालू होता. इफ्तारला तासभर उरला असताना आमच्या मोहल्ल्यातल्या एक खाला मोबाइल हातात धरून आमच्या दारात आल्या. पलीकडून कुणीतरी ओरडून सांगत होते की कर्जाचे तीन हप्ते थकले आहेत आणि आज रात्रीपर्यंत भरले नाहीत तर सगळ्या नातेवाइकांना फोन जातील. मुद्दल ४८,००० रुपये, वर व्याज आणि दंड. खालांनी आयुष्यात कर्ज घेतलेले नाही. शौहर वारल्यावर शिलाईवर घर चालवले, बँकेतल्या बचत खात्यावर जमा होणारे व्याजसुद्धा त्या वेगळे काढून टाकतात. "माझ्या नावावर सूदाचं कर्ज?" एवढेच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मग खाली बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "आज मी मेले, तर जनाज्यापुढे उभं राहून कुणी हे देणं मागेल ना?"

त्यांच्या त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. ते शोधताना जे कायदे वाचावे लागले, ज्या खिडक्यांपुढे उभे राहावे लागले, त्याचा हा वृत्तान्त.

कागद कुठून गेले हे कळायला वेळ लागला नाही. दोन महिन्यांपूर्वी मोहल्ल्यात एक तरुण टेबल टाकून बसला होता. सरकारी योजनांचे फॉर्म भरून देतो म्हणाला. बायकांनी रांग लावली. प्रत्येकीकडून आधार आणि पॅनची झेरॉक्स, एक फोटो, यंत्रावर अंगठा, आणि 'ओटीपी येईल, मोबाइल जरा द्या.' खालांचा मोबाइल त्याच्या हातात दहा-पंधरा मिनिटे होता. तेवढ्या वेळात त्यांच्या नावाने एका अॅपवर कर्ज मंजूर झाले आणि खालांनी कधी न पाहिलेल्या एका खात्यात ते जमा झाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्यासोबत पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या अंमलदारांनी सौजन्याने ऐकून घेतले आणि म्हणाले, "अर्ज द्या, चौकशी करतो." अर्ज दिला, पोच म्हणून शिक्का मिळाला. घरी येऊन खालांनी शुक्राने अदा केले. आम्हालाही वाटले की काम झाले. झाले काहीच नव्हते. अर्ज म्हणजे गुन्हा दाखल होणे नव्हे. एफआयआर नोंदली जाऊन तिला क्रमांक मिळत नाही, कलमे लागत नाहीत, तोवर कायद्याच्या नजरेत कुणी काही चोरलेलेच नसते. कर्ज देणारी कंपनी आणि बँक दोघीही पुढे तोच क्रमांक मागत होत्या.

कलमे कोणती, हा प्रश्न इथेच येतो. आपल्या देशात 'ओळखचोरी' या नावाचा गुन्हा माहिती तंत्रज्ञान अधिनियमात आहे. हा कायदा २००० सालचा, पण ओळखचोरीचे कलम ६६ सी त्यात २००८ च्या दुरुस्तीने आले आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाले. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही, पासवर्ड किंवा त्याची ओळख पटवणारी इतर कोणतीही एकमेव खूण लबाडीने किंवा अप्रामाणिकपणे वापरणे हा गुन्हा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. यात नुकसान झालेच पाहिजे असे म्हटलेले नाही. पैसा गेला नसला, फक्त खूण वापरली गेली असली, तरी गुन्हा पुरा होतो. 'पैसे तर तुमचे गेले नाहीत ना,' असे कुणी म्हणाले तर हे लक्षात ठेवावे. खालांनाही हेच ऐकवले गेले होते.

याच्या शेजारचे कलम ६६ डी. संगणक किंवा मोबाइलच्या साह्याने दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणे. शिक्षा तितकीच.

आता एक अडचण. ही दोन्ही कलमे जामीनपात्र आहेत. याच कायद्याच्या कलम ७७ बी प्रमाणे तीन वर्षांपर्यंत शिक्षेचे गुन्हे दखलपात्र खरे, म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करू शकतात, पण आरोपीला जामीन हा हक्काने मिळतो. शिवाय तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. लहान ठाण्यात निरीक्षक एकच, त्यांच्या टेबलावर खून-दरोड्यापासून बंदोबस्तापर्यंत सगळे. चालढकल का होते, याचे निम्मे उत्तर या एका अटीत असावे असे आम्हाला वाटते.

म्हणून फिर्याद लिहिताना एवढ्यावर थांबायचे नसते. नाव चोरणारा एकाच पायरीवर एक गुन्हा करून थांबत नाही. खालांच्या प्रकरणात आमच्या ओळखीच्या वकीलसाहेबांनी कागदावर एकेक पायरी मांडली. ओटीपी आणि अंगठा वापरला, ते ६६ सी. अॅपवर खाला म्हणून वावरला, ते ६६ डी आणि भारतीय न्याय संहितेचे कलम ३१९, तोतयेगिरी करून फसवणूक, पाच वर्षांपर्यंत कैद. जुन्या दंडसंहितेत हे ४१९ होते आणि शिक्षा तीन वर्षे होती, १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली तेव्हा ती वाढली. कंपनीला फसवून तिच्याकडून रक्कम काढून घेतली, ते ३१८ चे पोटकलम ४, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले जुने 'चारशे वीस', सात वर्षांपर्यंत आणि अजामीनपात्र. कर्जाच्या अर्जावर खालांची खोटी सही होती. फसवणुकीसाठी खोटा दस्तऐवज करणे हे ३३६ चे पोटकलम ३, तेही सात वर्षांपर्यंत, तेही अजामीनपात्र. आणि तो खोटा कागद खरा म्हणून पुढे केला, ते ३४०.

एका झेरॉक्सचे इतके गुन्हे होतात. शिक्षा मात्र बेरीज करून मिळतेच असे नाही. अनेक गुन्हे एकत्र शाबीत झाले तर त्या शिक्षा एकाच वेळी भोगायच्या की एकामागून एक, हे न्यायालय गुन्ह्याचे गांभीर्य पाहून ठरवते.

आरोपीचा वकील पहिला हल्ला इथेच करतो. म्हणतो, खास कायदा असताना सर्वसाधारण कायद्याची कलमे लावूच नका. हा युक्तिवाद हवेतला नाही. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गगन हर्ष शर्मा प्रकरणात, कंपनीचा संगणकीय माल चोरल्याच्या आरोपावर, माहिती तंत्रज्ञान कायद्यात जे कृत्य पूर्ण बसते त्यालाच पुन्हा दंडसंहितेची फसवणुकीची कलमे लावता येणार नाहीत, असा निकाल दिला होता. म्हणून फिर्यादीत प्रत्येक कृत्य वेगळे लिहिलेले असणे महत्त्वाचे. 'माझी फसवणूक झाली, न्याय द्यावा' अशा चार ओळींच्या अर्जात खोट्या सहीचा उल्लेखच नसेल, तर ३३६ कलम लावायला पोलिसांकडे आधार काय? कलमांचे आकडे फिर्यादीला माहीत असायची गरज नाही. पण कोणी, कधी, कोणता कागद घेतला, मोबाइल किती वेळ त्याच्या हातात होता, सही आपली नाही, पैसे कोणत्या खात्यात गेले, हे ओळीने आले पाहिजे. खालांचा दुसरा अर्ज अडीच पानांचा झाला.

तो घेऊन गेलो तेव्हाही 'आधी चौकशी' हेच उत्तर मिळाले. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत पोलिसांना तशी मुभा आहे, पण ती मोकाट नाही. तीन वर्षे किंवा जास्त पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात, उपअधीक्षकांच्या परवानगीने, आणि १४ दिवसांच्या आत. तेच कलम १७३ सांगते की गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घेतली पाहिजे, आणि फिर्यादीला प्रत मोफत दिली पाहिजे. ठाण्याने नाकारले तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवायचे, तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. आम्हाला अधीक्षक कार्यालयापर्यंत जावे लागले, त्यापुढे नाही. अकराव्या दिवशी गुन्हा दाखल झाला. मुदतीची भीती तोवर नव्हती, पण ती असते हे सांगायला हवे. तीन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने तीन वर्षांत घ्यायची असते. केवळ ६६ सी वर विसंबून वर्षानुवर्षे गप्प बसणाऱ्याचा दावा एक दिवस मुदतबाह्य होतो.

यानंतर जे झाले ते आम्हाला अपेक्षित होते, तरी त्रासदायक होते. तो तरुण सापडला. शेजारच्या तालुक्यातला, आपल्यापैकीच एका घरातला. प्रत्येक कागदसंचामागे त्याला काही रुपये मिळत, पुढे कोण होते हे तो नीट सांगत नाही. त्याचे मामू दोन बुजुर्गांना घेऊन खालांकडे आले. मुलाचे आयुष्य बरबाद होईल, कर्ज आम्ही फेडतो, मिटवून टाका. खाला विरघळल्या होत्या. माफ करणे हा त्यांचा हक्क आहे आणि त्याचे मोल अल्लाहकडे आहे, यात शंका नाही. पण माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७७ ए मध्ये लिहिले आहे की गुन्हा स्त्रीविरुद्ध किंवा अठरा वर्षांखालील मुलाविरुद्ध असेल, तर त्यात न्यायालयालाही तडजोड मान्य करता येत नाही. कायदा करणाऱ्यांना अशी बैठक आणि तिच्यात एकटी बसलेली बाई दिसली असावी. आम्ही मामूंना एवढेच विचारले की त्या टेबलापुढे रांगेत आणखी कितीजणी होत्या. त्यांना माहीत नव्हते. मुलाला माहीत होते, त्याने सांगितले नाही.

आधारचा स्वतंत्र कायदाही आहे, २०१६ चा. दुसऱ्याचे सोंग घेऊन त्याच्या आधारमधली माहिती बदलली, किंवा अधिकार नसताना कुणाची ओळखमाहिती गोळा केली, तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण सुरुवातीला या कायद्याखाली तक्रार फक्त आधार प्राधिकरणच करू शकत असे. ज्याचे आधार त्यालाच न्यायालयात उभे राहता येत नव्हते. २०१८ च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयाने यावर बोट ठेवले आणि २०१९ च्या दुरुस्तीने आधारधारकाला स्वतः तक्रारीचा हक्क मिळाला. सातारा जिल्ह्यातल्या एका जोडप्याने लाडकी बहीण योजनेचे तीसच्या आसपास अर्ज वेगवेगळ्या आधार क्रमांकांवर भरल्याचे २०२४ मध्ये बाहेर आले. ते बाहेर कसे आले? खारघरची एक महिला आपला अर्ज भरायला गेली तर तिचा क्रमांक आधीच वापरलेला निघाला. बाकीच्यांना पत्ताही नव्हता.

सिमकार्डाचे तर आपल्या घरांत काही विचारूच नका. अब्बांच्या नावावर पाच सिम. एक मोठ्या मुलाचे, तो कतारला गेला आणि सिम दोस्ताला देऊन गेला. एक लग्न झालेल्या मुलीकडे. एक कुठे आहे कुणालाच ठाऊक नाही. दूरसंचार अधिनियम २०२३ चे कलम ४२ जून २०२४ पासून लागू आहे. फसवून किंवा दुसऱ्याच्या नावाने सिम मिळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. महाराष्ट्रात एका नावावर नऊपेक्षा जास्त सिम असतील तर सिमधारकालाच दंड, पहिल्या वेळी ५०,००० रुपयांपर्यंत. सरकारच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर आपला क्रमांक टाकला की आपल्या नावावर किती जोडण्या आहेत ते दिसते, आणि 'हा माझा नाही' असे तिथेच कळवता येते. आम्ही आमच्या घरचे तपासले. एक क्रमांक आम्हाला आठवेना. तासाभराने आठवले, तो दादींचा होता. दादींचा इंतेकाल होऊन चार वर्षे झाली.

इथवर नाव चोरीला जाण्याचे बोललो. आमच्या समाजाला त्याहून मोठा धोका नाव उसने देण्याचा आहे, आणि कायदा या दोघांकडे वेगळ्या नजरेने पाहतो.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मालेगावातून जे प्रकरण उठले ते वाचकांना आठवत असेल. बेरोजगार तरुणांना नोकरी लावतो सांगून त्यांची आधार-पॅन कार्डे घेतली, एका सहकारी बँकेच्या शाखेत त्यांच्या नावाने खाती उघडली, आणि त्या खात्यांतून शंभर कोटींहून जास्त रुपये फिरले, अशी ती तक्रार होती. पाठोपाठ अंमलबजावणी संचालनालय आले. निवडणुकीचे दिवस असल्याने त्यावर जी भाषणे झाली ती इथे उगाळत नाही. आम्हाला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. पोलिसांकडे गेला तो त्या तरुणांपैकीच एक होता. आपल्या नावाच्या खात्यात ही रक्कम कसली, हे त्याने आधी विचारले, म्हणून कागदावर तो फिर्यादी आहे. तो गप्प राहिला असता तर विचारणारे दुसरे असते आणि उत्तर देणारा तो.

खाते 'भाड्याने' देणारी पोरे आता गावोगाव आहेत. पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम द्यायचे, महिन्याला पाच-दहा हजार घ्यायचे. त्यात फसवलेल्या लोकांचा पैसा येतो, दोन तासांत पुढे जातो. पोलीस माग काढत पहिल्यांदा पोचतात ते खातेदाराच्या घरी. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ प्रमाणे खाते गोठते. 'मला माहीत नव्हते' हा बचाव आहे, आणि खालांसारख्यांच्या बाबतीत तो खराही आहे. पण महिन्याचा मोबदला घेतलेला असला की तो टिकत नाही. मग तो फसवणुकीचा साथीदार ठरू शकतो. चोरीचा पैसा जाणूनबुजून ठेवल्याचा आरोप होऊ शकतो. रक्कम मोठी असेल तर मनी लाँडरिंगचा कायदा येतो, त्यात शिक्षा किमान तीन वर्षे. म्हणजे ज्याने नाव चोरले त्याला तीन वर्षे ही जास्तीत जास्त, आणि ज्याने नाव भाड्याने दिले त्याला तीन वर्षे ही कमीत कमी, असाही प्रसंग येऊ शकतो. आपण अमानत म्हटले की दागिने आणि पैसे आठवतात. हिजरतच्या रात्री प्रेषितांनी (स.) मक्केवाल्यांच्या ठेवी परत करण्यासाठी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले, हे आपण मुलांना सांगतो. दुसऱ्याचा पैसा ज्या खात्यातून जाणार आहे ते खातेही त्याच मोजमापात येते, हे बहुधा सांगत नाही.

पैसा प्रत्यक्ष खात्यातून गेला असेल तर पहिले काही तास सगळ्यात मोलाचे. १९३० ला फोन करायचा, किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद करायची. रक्कम अजून कुठल्या खात्यात अडकलेली असेल तर तिथेच रोखता येते. बँकेला त्याच दिवशी लेखी द्यायचे. कर्ज नावावर पडले असेल तर वेळ वेगळ्या कामाला द्यावा लागतो. देशात कर्जाची नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत, सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हायमार्क. प्रत्येकीकडून वर्षाला एक अहवाल मोफत मिळतो. चूक दाखवून दिल्यावर ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, असा रिझर्व्ह बँकेचा २०२४ पासूनचा नियम आहे.

पण अहवालात परके कर्ज दिसले म्हणजे चोरीच, असे नाही. आपल्याकडे शेख, पठाण, सय्यद, खान या आडनावांची माणसे किती, आणि त्यांत गुरुजींनी शाळेत घालताना १ जून ही जन्मतारीख बहाल केलेली किती! एका जिल्ह्यात एकाच नावाचे, एकाच जन्मतारखेचे दोघे निघतात आणि एकाचे ट्रॅक्टरचे कर्ज दुसऱ्याच्या अहवालात बसते. त्यात आधारवर 'मोहम्मद', पॅनवर 'मोहमद' आणि बँकेत नुसता 'मो.' असेल तर बघायलाच नको. अशा वेळी पोलिसांकडे धावण्याआधी पॅन क्रमांक आणि पत्ता ताडून पाहावा. ती दुरुस्ती त्या कंपनीकडेच होते.

नुकसानभरपाईची एक वाट फार थोड्यांना माहीत आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ खाली राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव हे न्यायनिर्णय अधिकारी असतात, आणि पाच कोटी रुपयांपर्यंतचे दावे त्यांच्यापुढे चालतात. पुण्यातल्या एका कंपनीच्या खात्यातून फसवणुकीने गेलेल्या रकमेबद्दल २०१३ मध्ये याच अधिकाऱ्यांनी एका सरकारी बँकेला ४५ लाख रुपये द्यायला सांगितले होते. फौजदारी खटल्यात आरोपीला कैद झाली तरी फिर्यादीच्या हाती पैसा येतोच असे नाही. त्यासाठी हा दरवाजा आहे. खालांचे पैसे गेले नव्हते, म्हणून आम्ही तिकडे गेलो नाही.

त्यांचे काम दुसऱ्या टोकाने झाले. एफआयआरची प्रत, खोट्या सहीचा कागद आणि बँकेकडून मिळालेले 'हे खाते त्यांचे नाही' असे पत्र, एवढे जोडून कर्ज देणाऱ्या कंपनीला आणि चारही नोंद कंपन्यांना पाठवले. सहा आठवड्यांनी कंपनीने कळवले की कर्ज त्यांच्या नावावरून काढले आहे. ते पत्र खालांनी आमच्याकडून दोनदा वाचून घेतले, 'देणे नाही' या शब्दांवर बोट ठेवून. खटला अजून उभा राहायचा आहे. तपासाची प्रगती ९० दिवसांत फिर्यादीला कळवावी असे नव्या संहितेत आहे. ते दिवस भरले तेव्हा खाला स्वतः, एकट्या, ठाण्यात जाऊन विचारून आल्या.

आता त्यांच्या शिलाई मशीनच्या खणात एक निळे पेन असते. कुठेही आधारची झेरॉक्स द्यायची झाली की त्या तिच्यावर आडवे लिहितात, कशासाठी दिली, कुणाला दिली, तारीख. झेरॉक्सवाला हसतो. परवा त्यांनी त्याच्याकडूनही, आधी काढून बिघडलेली प्रत परत मागून घेतली.